शेवटचा सूर बाईंचा नव्हता

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता. ऑस्ट्रियातून आलेल्या, ऑपेरेटा गाणाऱ्या एका बाईंवर. वेस्ट विंडसरला विद्यार्थी असताना मी त्यांच्या घरात एका खोलीत राहत होतो. लेख लोकांना आवडला. अजूनही गणपतीत, पॉटलकला कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, "काका, पासष्टाव्या वर्षी तो वरचा सूर लावणाऱ्या बाईंवर तुम्हीच लिहिलं होतंत ना?" मी हो म्हणतो आणि प्लेट घेऊन दुसरीकडे जातो.

तो अंक कोणाकडे असेल तर त्या लेखाचा शेवटचा परिच्छेद खोडून टाका. त्यात मी वाखाणलेल्या रेकॉर्डिंगमधला शेवटचा सूर बाईंचा नाही. त्यांच्या एका विद्यार्थिनीचा आहे. टेप कापून तो मी तिथे जोडला. बाईंना हे माहीत नव्हतं. त्या मुलीने आपला आवाज ओळखला, तसं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर ती खोटी ठरली. मी तिथेच बसलो होतो.

मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हे लिहायला बसलो की उठतो. काल गॅरेज आवरलं, परवा धुराच्या अलार्मच्या बॅटऱ्या बदलल्या, त्या चांगल्या चालू असताना. तेव्हा आता एका दमात लिहून टाकतो.

मी सांगलीकडचा. वडील एका फिरत्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. मला गाण्यात गती नव्हती, तारा जोडण्यात होती. इंजिनियरिंग करून पुढच्या शिक्षणासाठी इथे आलो तेव्हा विद्यापीठाच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली: खोली मिळेल, स्टेशनपासून चालत वीस मिनिटं. दार उघडलं ते एका उंच, ताठ, साठीच्या बाईंनी. पहिला प्रश्न, "तू गातोस?"

"नाही."

"छान. मग राहा. गाणारे भाडेकरू मला नकोत. मी शिकवलेलं ते बिघडवतात."

मी मनातल्या मनात त्यांना पहिल्या दिवसापासून बाई म्हणू लागलो. आमच्याकडे शिकवणाऱ्यांनाही बाई म्हणतात आणि गाणाऱ्यांनाही. त्या मला जर्मनमध्ये 'हेर इंजिनियर', म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणत, आधी चेष्टेने, मग सवयीने. वडील नाटकात ऑर्गन वाजवतात हे ऐकून त्यांना नवल वाटलं. मी समजावलं, की आमच्याकडे एक प्रकारच्या नाटकात पात्रं बोलता बोलता थांबतात आणि गातात. लोक 'वन्स मोअर' म्हणून ओरडतात. मेलेलं पात्रसुद्धा उठून पद पुन्हा म्हणतं आणि परत मरतं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली.

"म्हणजे तुमच्याकडेही ऑपेरेटाच आहे की! आणि नाचतं कोण?"

"नाचत नाहीत. उभे राहून किंवा बसून गातात."

"बसून? आळशी लोक."

आपलं आयुष्य त्यांनी मला इस्त्री करता करता सांगितलं. त्या सगळ्याला इस्त्री करत. उशीचे अभ्रे, रुमाल, भांडी पुसायची फडकीसुद्धा. त्यांची आई व्हिएन्नातल्या एका थिएटरात कपड्यांना इस्त्री करत असे आणि वडील शर्ट शिवत. सोळाव्या वर्षी बाई मागच्या रांगेत कोरसमध्ये उभ्या राहिल्या. तिथून एकेक पायरी वर. आधी ऑपेरेटातली दुसरी नायिका, म्हणजे ती चुणचुणीत मोलकरीण किंवा मैत्रीण, जी हसवते आणि नाचते. मग एका तळ्याकाठच्या उन्हाळी थिएटरात मुख्य नायिका. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडला की तिथे ऑर्केस्ट्रा ऐकू येत नसे, आणि त्या अंदाजाने गात.

या चढणीच्या मधली एक गोष्ट त्यांनी मला दोनतीनदा सांगितली. त्या एकोणीस वर्षांच्या असताना थिएटरमधल्या मुख्य गायिकेचा गळा बसला. तिकिटं विकली गेली होती. मॅनेजरने बाईंना पुठ्ठ्याच्या रंगवलेल्या झाडामागे उभं केलं. गायिका पुढे नुसते ओठ हलवायची आणि बाई मागून गायच्या. असं तीन आठवडे चाललं. फुलं गायिकेला. कागदावर नाव गायिकेचं. शेवटच्या दिवशी तिने बाईंना साखरेत घोळवलेल्या जांभळ्या फुलांचा एक डबा दिला.

"गोड होती?" मी विचारलं.

"मी उघडला नाही. आईने खाल्ली." इस्त्री फिरवत त्या म्हणाल्या, "माणसाचा आवाज त्याच्या नावाला बांधलेला असला पाहिजे. नाहीतर सुटलेलं कुत्रं, कोणाचंही."

युद्धात थिएटरं आधी भरली आणि मग बंद झाली. जर्मन सैनिकांपुढेही त्या गायल्या. त्याबद्दल एकदाच बोलल्या: "समोर कोण बसलंय ते मी बघत नसे. बघायला हवं होतं." मग कारखान्यात गणवेश शिवले. युद्ध संपल्यावर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून न्यू जर्सीत आल्या. नवऱ्याचं खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. इथे इंग्रजीत गायच्या तर उच्चारांमुळे पुन्हा विनोदी मोलकरणीच मिळायच्या. रविवारी दुपारी जर्मन बोलणाऱ्यांच्या क्लबांत मात्र जुनी गाणी गायच्या आणि म्हातारे डोळे पुसायचे. नवरा गेल्यावर त्यांनी घरात शिकवण्या सुरू केल्या.

शिकणाऱ्यांत एक वीस वर्षांची मुलगी होती. सकाळी बेकरीत काम करायची आणि कधी कधी केसांत पीठ तसंच घेऊन यायची. बाई तिच्यावर सगळ्यांत जास्त ओरडत, यावरून मी काय ते समजलो. एका मोठ्या संगीत कॉलेजात तिची निवडचाचणी व्हायची होती. शिफारसपत्र बाई देणार होत्या. बेकरीतून उरलेलं काहीतरी ती रोज आणायची आणि बाई रोज म्हणायच्या, "शिळं आहे," आणि खायच्या.

पासष्टावा वाढदिवस जवळ आला तेव्हा बाईंनी ठरवलं की आवाज आहे तोवर ऑपेरेटातलं वॉल्ट्झच्या ठेक्यातलं एक गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं. मी विद्यापीठाच्या लॅबमधून मोठ्या चकतीचं टेप मशीन मागून आणलं. चर्चचा हॉल मिळाला, पियानोला तिथलेच एक वयस्कर गृहस्थ बसले. आधी माइकची लेव्हल बघायची होती. बाईंना फुकट दमवायला नको म्हणून मी त्या मुलीला त्यांच्या जागी उभं केलं आणि म्हटलं, "शेवटचा भाग पूर्ण आवाजात गा." तिथे गाणं पायरी पायरीने चढतं, क्षणभर थांबतं, गाणारी श्वास घेते, आणि मग एक लांब सूर. मुलगी पियानोबरोबर गायली. मशीनचा काटा सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. मी टेप चालूच ठेवली होती.

मग बाई गायल्या. गाणं सुंदर झालं. काही ठिकाणी त्यांनी शब्द असा काही टाकला की पियानोवाले गृहस्थ गालात हसले. पण शेवटचा सूर काही आला नाही. एकदा फाटला, एकदा अर्ध्यात विरला, तिसऱ्यांदा पातळ आणि घोगरा लागला. कानावर हेडफोन घालून मी मशीनशी बसलो होतो. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी अंगठा वर केला. दमलेल्या माणसाला दुसरं काय दाखवणार?

रविवारी दुपारी लॅबमध्ये कोणी नव्हतं. बाईंचा तिसरा टेक मी त्या श्वासापाशी ब्लेडने तिरपा कापला आणि पुढचा तुकडा बाजूला काढला. मुलीचा सूर तिच्या टेपवरून कापून घेतला, जोडपट्टीने त्या जागी बसवला आणि त्याच्यामागे कोरी टेप जोडली. खोली तीच, पियानो तोच, पट्टी तीच. जोड ऐकू येत नव्हता. मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं.

मी हे कुठल्या मनाने केलं ते सांगायला हवं. ही सबब नाही, झालं ते असं झालं. वडील मैफलीत पेटीच्या साथीलाही बसत. आमच्या भागात एक वयस्कर बुवा होते. त्यांच्या मागे तंबोऱ्यावर एक शिष्य असे. बुवांचा दम तुटला की शिष्य तोच सूर अलगद उचलायचा, आणि बुवा हात वर करून असा काही दाखवायचे की तो त्यांचाच. श्रोते मान डोलवायचे. 'आज बुवांनी काय षड्ज लावला,' म्हणत घरी जायचे. शिष्याचं नाव कोणी विचारत नसे, शिष्यालाही ते विचारलं जावं असं वाटत नसे. गुरूचा सूर आपल्या गळ्यातून गेला, हेच त्याचं भाग्य. मी हे सतरंजीवर बसून बघत वाढलो होतो. त्या दुपारी ब्लेड हातात असताना मला वाटलं, त्या मुलीला कळलं तर ती खूशच होईल. झाडामागच्या तीन आठवड्यांची गोष्ट मला माहीत होती, आणि ती मला त्या वेळी आठवलीसुद्धा नाही.

वाढदिवसाला टेप दिली. बाईंनी ऐकली. शेवटच्या सुराला त्यांचा हात टेबलावर थांबला.

"ही मी?"

"तिसरा टेक," मी म्हटलं.

"मला आतून इतका बरा वाटला नव्हता."

"आतून आणि बाहेरून वेगळंच ऐकू येतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी सांगितलं नाही. पियानोवाल्या गृहस्थांनी ती टेप नंतर ऐकली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी घालून निघून गेले.

पुढच्या शनिवारी दुपारी बाईंनी सगळ्या विद्यार्थ्यांना कॉफीला बोलावलं आणि टेप लावली. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतच ती मुलगी म्हणाली, "शेवटचा सूर माझा आहे."

कोणीतरी हसलं.

"खरंच. लेव्हल बघताना मी गायले होते तो आहे हा. मला माझा श्वास ओळखू येतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मुली, त्या खोलीत मी होते. मी गायले."

"तुम्ही गायलात. पण हा तुमचा नाही."

बाईंच्या मानेवर लाल चट्टे उठले. "मी? दुसरीचा आवाज मी माझा म्हणेन? कोणापुढे बोलते आहेस तू?" मग माझ्याकडे वळल्या. "हेर इंजिनियर, सांग तिला."

खोलीत बारा-पंधरा माणसं होती. मी म्हणालो, "मशीनवर आवाज थोडा बदलतो. वरच्या पट्टीत सगळे आवाज सारखेच वाटतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला माहीत आहे," एवढंच म्हणाली, कोट घेतला आणि गेली. शिफारसपत्र बाईंनी पाठवलं नाही. कॉलेजात तिची निवड झाली नाही. महिन्याभरात ती बेकरी सोडून दूर पश्चिमेला निघून गेल्याचं कळलं. बाईंनी तिला तीन पत्रं लिहिली. तिन्ही न उघडता परत आली.

मला इथेच नोकरी लागली. लग्न केलं, जवळच घर घेतलं, बाईंच्या घरचे दिवे, नळ बघत राहिलो. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात रोज दवाखान्यात जात होतो. एका दुपारी डोळे मिटलेले असतानाच त्या म्हणाल्या, "ती पीठवाली मुलगी कुठे असेल? इतका चांगला गळा. खोटं का बोलली असेल?"

मी म्हटलं, "झोपा आता."

अंत्यविधीला तीच टेप वाजवली. मशीन मीच चालवलं. त्यानंतर मी तो लेख लिहिला. बायको वारली तोवर तिलाही यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता हे सगळं वर यायचं कारण असं. इथल्या एका छोट्या संगीत शाळेने बाईंची रेकॉर्डिंग्ज वेबसाइटवर ठेवायचं आणि सोबत छोटी पुस्तिका छापायचं ठरवलं. टेप डिजिटल करण्याचं काम नागपूरहून शिकायला आलेल्या एका मुलीकडे होतं. टेपच्या डब्यावर माझं मराठी नाव बघून तिने मला फोन केला.

"काका, तुमचा आर्टिकल वाचला मी. भारी आहे. एक विचारू का? शेवटच्या सुराच्या आधी टेपला पांढरी पट्टी लावून आहे. अन् नंतर पण."

"टेप जुनी आहे. तुटली असेल."

"दोन जागी? तिरपी? एकदम क्लीन कट आहे, यार... सॉरी, काका."

"असेल. कोणीतरी जोडली असेल."

"ठीक आहे. मग बुकलेटमध्ये जोडाचं काही लिहू नको न?"

"नको."

म्हणजे या वयात मी पुन्हा तेच केलं. फोन ठेवला आणि चहा ठेवला. चहा उतू गेला. संध्याकाळी गाडी काढली, दुकानापर्यंत गेलो आणि आत न जाता परत आलो. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी लेकीला फोन केला की येतोय.

लेक पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला राहते आणि रेडमंडला कामाला जाते. "बाबा, मागच्या महिन्यातच येऊन गेलात. सगळं ठीक ना?"

"काम आहे."

"रिटायर्ड माणसाचं बेलव्ह्यूत काय काम?"

ते मी तिला सांगितलं नाही. त्या बेकरीतल्या मुलीचं नाव मी दर वर्षा-दोन वर्षांनी इंटरनेटवर शोधत आलो आहे. ती माझ्या लेकीच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर राहते, हे मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. एका कम्युनिटी सेंटरमध्ये ती म्हाताऱ्यांचा कोरस चालवते. या अकरा वर्षांत मी लेकीकडे कितीतरी वेळा राहून आलो. त्या बाजूला एकदाही फिरकलो नाही.

पहिल्या दिवशी त्या स्टॉपवर उतरलो आणि समोरून येणाऱ्या बसने परतलो. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पावसात छत्री धरून उभा राहिलो. आतून गाण्याचे तुकडे येत होते. बुटात पाणी शिरलं तसा परत आलो.

"रोज कुठे जाता तुम्ही?" लेकीने विचारलं. "गर्लफ्रेंड वगैरे आहे की काय?"

"आहे."

"बाबा!"

तिसऱ्या दिवशी आत गेलो. उंच स्टुलावर बसून ती हाताने ताल देत होती. केस पांढरे, पाठ ताठ, अगदी बाईंसारखी. समोर वीसेक माणसं, काही व्हीलचेअरवर. गाणं संपल्यावर तिने मला विचारलं, "नवीन आहात? वरच्या आवाजात बसणार की खालच्या?"

"मी गात नाही."

तिने चष्मा वर केला. "टेपवाला," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर आम्ही रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसलो. मी आधीच पाठ केल्यासारखं सांगून टाकलं: कापलं मी, जोडलं मी, खोटं बोललो मी. तिने मान हलवली.

"त्यात नवीन काय? मला त्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनी तुला करायला लावलं आणि तू केलंस."

"त्यांनी नाही लावलं. त्यांना माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"काहीच. तो सूर आपलाच आहे असं त्या शेवटपर्यंत समजत होत्या. तूच खोटं बोललीस असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. दवाखान्यातही त्यांनी तुझी चौकशी केली."

ती उठली. खुर्च्या एकमेकींवर रचू लागली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "हात लावू नको." नऊ-दहा खुर्च्या झाल्यावर थांबली.

"त्यांनी पत्रं पाठवली होती. मी परत केली. मला वाटलं, चोर माफी मागतोय."

तिने आणखी एक खुर्ची रचली.

"सूर घेतलास त्याचं काय एवढं! त्या वर्षी मी असे सूर दिवसाला दहा लावत होते, भट्टीपुढे उभी राहून. मला कॉलेज मिळालं नाही तेही जाऊ दे. मी पन्नास वर्षं त्या बाईला शिव्या दिल्या. माझ्या मुलांना सांगितलं, ती चोर होती. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"नाही कळत. कळलं असतं तर आधी आला असतास." मग वेगळ्याच आवाजात, शिकवणाऱ्या माणसाच्या आवाजात तिने विचारलं, "त्यांचा सूर कुठे आहे? कापून काढलास तो. फेकलास?"

"माझ्याकडे आहे. फिल्मच्या डबीत."

"मला ऐकायचा आहे. आणि जे छापणार आहेत त्यात त्यांचा सूर त्यांच्या नावावर, माझा माझ्या नावावर. आणि तू काय केलंस ते तुझ्या नावावर. नाहीतर छापूच नका."

परत आल्यावर डबी घेऊन मी संगीत शाळेत गेलो. नागपूरच्या त्या मुलीला सगळं सांगितलं. ती टेपचं काळं भेंडोळं उलगडत होती.

"मला माहीतच होतं न, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का, ते पाहून राहिले होते."

तो तुकडा तिने नव्या टेपला जोडला आणि मशीनवर चढवला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तिकडे बेलव्ह्यूहून ती कोरसवाली ऐकत होती. माझ्यासाठी खुर्ची होती. मला बसवेना.

श्वास. मग बाईंचा सूर. पातळ, कडेला फाटलेला, तरीही त्यांनी तो शेवटपर्यंत सोडला नव्हता. पियानोचे शेवटचे दोन ठोके. त्यानंतर मी मशीन बंद करायच्या आधीचे काही क्षण टेपवर होते. कापड सळसळल्याचा आवाज, आणि बाई, दम लागलेल्या:

"आला का?"

आणि लगेच एक कोवळा आवाज, "आला. खूप छान आला."

टेप संपली. नागपूरच्या मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, आहात ना?"

"ते मी म्हणाले?"

"हो," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं हे तिथे आहे?"

"हो."

"मग परवा का नाही सांगितलंस? मीही त्यांना खोटंच सांगितलं होतं, हे?"

"सांगितलं असतं तर माझं ओझं तुझ्यावर टाकल्यासारखं झालं असतं."

"तुझं काही कमी होत नाही त्याने."

"नाही होत."

"मी विसरले होते. अगदी साफ विसरले होते." मग, "म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना. मीच तर म्हणाले होते, आला."

नागपूरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि फोनकडे वाकून म्हणाली, "मॅडम, सूर संपला की मी आवाज बंद करू शकते. तुमचं बोलणं जाणार नाही लोकांपर्यंत. कोणाला कळणार नाही."

"नाही. काही कापू नका. सगळं राहू द्या." मग म्हणाली, "पुन्हा लाव."

मुलीने पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मी खिडकीपर्यंत जात होतो आणि परत येत होतो. चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, "आला का?" आणि टेपवरच्या उत्तराच्या आधीच फोनमधून तिचा म्हातारा आवाज आला, "नाही, बाई. फाटला. आपण पुन्हा घेऊ."